सरडा झोपला, की आजारी पडला?

थंडी पडली की या सदराकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. दही नीट लागत नाही, खोबरेल तेल बाटलीत थिजतं, टाचांना भेगा पडतात, लोकरीच्या कपड्यांना कुबट वास येतो. यंदाही त्यांची उत्तरं देईनच. पण आज मी तुम्हाला आमच्या शेजारच्या घरातली एक हकिकत सांगणार आहे. ती आहे एका सरड्याची! नाक मुरडू नका. कुत्रा, मांजर, पोपट, मासे इथवर आपण सगळ्या येऊन पोचलोच होतो. आता मुलांच्या हट्टापायी घराघरांत परदेशी सरडेही येऊ लागले आहेत. आणि घरात कोणाचाही हट्ट पुरवला गेला, तरी त्याचं खाणंपिणं शेवटी कोणाच्या गळ्यात पडतं, हे तुम्हाला मी काय सांगू?

आम्ही राहतो बदलापूर गावात. स्टेशनाजवळच्या नव्या वस्तीत नव्हे, जुन्या गावात. उल्हास नदी जवळ, समोर डोंगर. त्यामुळे थंडीत मुंबईकर पंखा लावून झोपतात, तेव्हा आम्ही गोधड्या काढतो. कडाक्याच्या दिवसांत पहाटे पारा बारा-तेरा अंशांवर उतरतो आणि दुपारी तोच तीसवर जाऊन बसतो. सकाळी स्वेटर, दुपारी घाम! हे लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा इथेच झाला.

शेजारच्या घरात सासू, सासरे, नवरा-बायको आणि दहावीतला मुलगा. मुलाच्या मामाने त्याला वाढदिवसाला एक सरडा दिला. 'बिअर्डेड ड्रॅगन' म्हणतात त्याला, म्हणजे दाढीवाला सरडा. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांतला. चिडला की गळ्याखालची कातडी फुगवून काळी करतो, ती दाढीसारखी दिसते. स्वभावाने मात्र गरीब, हातावर घेतला तरी डोळे मिटून बसून राहणारा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी पंचांगातलं पल्लीपतनाचं पान काढून ठेवलं. पाल अंगावर पडली तर काय फळ मिळतं ते त्यात होतं, पण पाल आपणहून विकत आणली तर काय, ते काही त्यात सापडेना!

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी सकाळी मी घटाची मांडणी करत होते. तेवढ्यात शेजारची सून दारात आली. हातात जुन्या ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"काकी, हा गेला हो. मामंजी जांभळीखाली खड्डा खणतायत. पोरगा दार लावून बसलाय. त्याला बाहेर काढा ना तुम्ही, माझं नाही ऐकत."

मी ओढणी बाजूला केली. सरडा दगडासारखा गार होता. डोळे मिटलेले, पाय सैल. पण अंग ताठलेलं नव्हतं, वासही नव्हता. माझ्या मनात उगीच शंकेची पाल चुकचुकली. मी म्हटलं, "खड्डा राहू दे जरा. याला ऊन दाखवून बघू."

ओट्यावर गोणपाट पसरलं, त्यावर त्याला ठेवलं. अर्धं अंग उन्हात, अर्धं सावलीत. चुलीजवळ नेलं नाही, गरम पाण्यात बुडवलं नाही. तासाभराने एका पायाचं बोट हललं. आणखी थोड्या वेळाने एक डोळा किलकिला झाला. सून मटकन ओट्यावर बसली आणि रडायलाच लागली. सासरे कुदळ हातात घेऊन तसेच उभे!

असं होतं, यात चमत्कार काही नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात हिरवे इग्वाना झाडांवर मोकळे राहतात. तिथे कडाक्याची थंडी पडली की ते गारठून झाडांवरून टपाटप खाली पडतात. २०२० च्या जानेवारीत तिथल्या हवामान खात्याने लोकांना सूचनाच दिली होती, की रात्री झाडांवरून इग्वाना पडताना दिसले तर नवल मानू नका. मेले असं वाटणारे त्यातले बरेच ऊन लागलं की उठून चालू लागतात. म्हणून पहिली गाठ मारून ठेवा: गार पडलेला सरडा किंवा कासव हळूहळू ऊब देऊन पाहिल्याशिवाय मेलं असं म्हणू नये.

मुळात झालं काय होतं?

मुलाने मोबाइलवर वाचलं होतं, की हे सरडे थंडीत झोपतात. डिसेंबर लागला आणि सरड्याचं खाणं कमी झालं. मुलाला वाटलं, झोपेची वेळ झाली. त्याने ऊब देणारा दिवा बंद केला, काचेची पेटी मागच्या पडवीत नेऊन ठेवली आणि वरून चादर घातली. हेतू चांगला होता. माहितीही अर्धी बरोबर होती. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं होऊन चालत नाही, विशेषतः दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो तेव्हा.

अस्वलं, खारी यांची थंडीतली झोप आपण शाळेच्या पुस्तकात वाचली आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांची झोप जरा निराळी. १९६५ साली अमेरिकेतल्या मेह्यू नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने तिला 'ब्रुमेशन' असं वेगळं नाव दिलं. आपण तिला शीतनिद्राच म्हणू. या प्राण्यांच्या अंगात आपल्यासारखी शेगडी नसते. बाहेर गरम तर ते गरम, बाहेर गार तर ते गार. जिथे हिवाळा कडक असतो आणि किडे मिळत नाहीत, तिथे ते बिळात शिरून पडून राहतात. आपल्याच देशात राजस्थान-कच्छच्या वाळवंटातला सांडा घ्या. तो थंडीत बिळाचं तोंड मातीने बंद करून आत झोपतो. आपल्या कोकणपट्टीत किडे बारा महिने मिळतात, म्हणून आपली भिंतीवरची पाल ट्यूबलाइटपाशी जानेवारीतही हजर असते. फार तर जरा सुस्तावते.

आता आपल्या हवेत अडचण काय होते पाहा. झोप नीट लागायला सतत गारवा हवा. बदलापुरात रात्री गारठा आणि दुपारी तीस अंश. म्हणजे रात्री सरडा गारठून पडणार, दुपारी शरीर तापून चालू होणार आणि अंगातली चरबी जाळणार. पुन्हा रात्री गार. धड झोप नाही, धड जाग नाही. रोज चालू-बंद करून मिक्सरची मोटर जळते, तशी गत. थंड मुलखातला सरडा महिनोन् महिने झोपून फारसा वाळत नाही; आपल्याकडचा मात्र झोपेच्या नावाखाली वाळत जातो.

दह्याचं उदाहरण

सगळ्यात मोठा धोका पोटातला. थंडीत दही का लागत नाही? विरजणातले जंतू उबेशिवाय काम करत नाहीत म्हणून. मग आपण पातेलं शालीत गुंडाळतो, तांदळाच्या डब्यात ठेवतो. सरड्याचं पचन अगदी तसंच. ऊब नसेल तर पोटातलं अन्न पचत नाही, तिथेच पडून राहतं आणि कुजतं. आमच्या शेजारच्या सरड्याला आदल्या दिवशीपर्यंत मुलगा चिमट्याने किडे भरवत होता. "उपाशी कसा झोपेल, काकी?" असं त्याचं म्हणणं. माया होती हो, पण तीच अंगाशी आली.

यावरून एक घरगुती खूण सांगते. खोबरेल तेल साधारण चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं. पेटीच्या गार बाजूला तेलाची लहान बाटली ठेवा. भर दुपारीही तेल थिजलेलं दिसलं, तर तुमच्या सरड्याला जेवण पचणार नाही हे ओळखा. अर्थात ही झाली नजरेची खूण; साधा तापमापक विकत घेणं हेच बरं.

कालनिर्णयाच्या चौकटी

संध्याकाळी मामा आला आणि सगळे मिळून सरड्याला घेऊन मुंबईला अशा प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे गेले. सुनेने जाताना भिंतीवरचं कॅलेंडर काढून पिशवीत घातलं. नवरा म्हणाला, "ते कशाला?" ती काही बोलली नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं कधी खाल्लं? शी कधी केली? वजन किती होतं?" मुलगा गोंधळला, मामा छताकडे बघायला लागला. तेव्हा सुनेने कॅलेंडर उघडलं. आपण ज्या चौकटींत दुधाचा हिशेब लिहितो ना, एक लिटर, अर्धा लिटर, खाडा. त्याच चौकटींत तिने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. 'सरडा जेवला.' 'अर्धंच.' 'नाही.' 'नाही.' 'शी पातळ.' दिवाळीत मुलाने किराणा दुकानाच्या काट्यावर हौसेने वजन केलं होतं, तेही होतं: ३०० ग्रॅम. डॉक्टरांच्या काट्यावर भरलं २५०.

डॉक्टर म्हणाले, "झोपेत एवढं वजन उतरत नाही. हा आजारी आहे." शी तपासली तर जंत निघाले. म्हणजे खाणं कमी झालं ते झोपेमुळे नव्हे, जंतांमुळे. आणि आजारी जिवाचा दिवा बंद करून त्याला गारठ्यात ठेवला गेला!

परत आल्यावर ती मला म्हणाली, "मला आठ दिवस आधीच वाटत होतं काकी, काहीतरी बिनसलंय. पण बोलले नाही. म्हटलं, यांनी मोबाइलवर वाचलंय, मला काय कळतं सरड्यातलं."

मैत्रिणींनो, या एका वाक्यासाठी मी आज हा विषय घेतला. घरात मूल अर्धी पोळी कमी खातं ते कोणाला आधी कळतं? सासऱ्यांचं पाणी पिणं वाढलं हे कोणाच्या लक्षात येतं? वाढणाऱ्या हाताला ताटातला फरक आधी कळतो. सरडा असो की माणूस, 'मला काय कळतं' म्हणून गप्प बसू नका. ज्याला नावं ठाऊक असतात त्याला सगळं ठाऊक असतं असं नाही.

झोप की आजार, हे कसं ओळखावं?

डॉक्टरांकडून आणि पुस्तकांतून मी जे समजून घेतलं, ते थोडक्यात देते.

वजन: दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच काट्यावर करा. निरोगी मोठा सरडा झोपला तर वजन जवळपास तेवढंच राहतं. दहावा हिस्सा उतरला, म्हणजे ३०० चे २७० झाले, की थांबू नका, डॉक्टर गाठा.

रूप: डोळे खोल जाणं, शेपटीचा बुंधा बारीक होणं, तोंडाला फेस, श्वास घेताना तोंड उघडं ठेवणं, पातळ किंवा घाण वासाची शी. ही झोपेची लक्षणं नव्हेत.

वय: वर्षाच्या आतल्या पिल्लाला झोपू देऊ नये. त्याच्या अंगात साठाच नसतो. शेजारचा सरडा अकरा महिन्यांचा होता.

जात: सगळे सरडे झोपत नाहीत. हिरवा इग्वाना हा उष्ण मुलखातला. त्याला शीतनिद्रा ठाऊकच नाही. तो थंडीत निपचित पडला तर तो झोपलेला नसतो, गारठलेला असतो.

आणि मुख्य गोष्ट: पाळलेल्या सरड्याला झोपवलंच पाहिजे असं मुळीच नाही. पिल्लांची पैदास करणारे लोक मुद्दाम झोपवतात. तेही आधी शी तपासून, दहा-पंधरा दिवस खाणं बंद ठेवून आणि त्या काळात ऊब चालू ठेवून पोट पूर्ण मोकळं झाल्यावरच. काही जण सांगतात, फ्रिजमध्ये ठेवा. युरोपात काही जातींची कासवं पाच अंशांच्या आसपास खास फ्रिजमध्ये झोपवतात, हे खरं. पण ती जात वेगळी, तिथली पद्धत वेगळी. आपल्या भाजीच्या फ्रिजमध्ये सरडा ठेवण्याचा प्रयोग कोणी सुचवला, तर सांगणाऱ्यालाच आधी दहा मिनिटं आत बसवा!

थंडीत ऊब कशी द्यावी?

दाढीवाल्या सरड्याला पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली ३८ ते ४२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २८ अंश लागतात. त्याला हवं तेव्हा तो जागा बदलतो. शंभर वॅटचा दिवा दहा तास लावला तर रोज एक युनिट, महिन्याला तीस युनिटं. प्राणी आणण्याआधी हा हिशेब यजमानांसमोर ठेवा, म्हणजे बिल आल्यावर वाद नकोत.

याखेरीज अतिनील किरणांची खास नळी लागते. तिच्याशिवाय हाडं ठिसूळ होतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग नाही, काच ते किरण अडवते. त्यापेक्षा सकाळचं कोवळं ऊन थेट द्या, पण शेजारी सावली हवी आणि वर मांजरावर नजर हवी. काचेची पेटी उन्हात कधीही ठेवू नका, आत भट्टी होते.

वीज गेली तर? आमच्याकडे ती जातेच. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पेटीत एका बाजूला ठेवा. उघडी ठेवू नका, पोट भाजतं. पेटीभोवती गोधडी गुंडाळा, पण हवेला वाट ठेवा. दिवा नसेल त्या दिवशी खायला घालू नका.

खाण्यात किड्यांबरोबर तांबडा भोपळा, जास्वंदीची फुलं चालतात. पालक रोज नको. पावसाच्या तोंडावर आपल्या डोंगरात काजवे चमकतात. मुलं हौसेने पकडून आणतात. ते चुकूनही सरड्यापुढे टाकू नका. अमेरिकेतले काजवे खाऊन हे सरडे मेल्याची नोंद आहे.

स्वयंपाकघर वेगळं ठेवा

सरडे, कासवं यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. त्यांना त्याचं काही होत नाही, आपल्याला जुलाब-ताप होतो. लहान कासवांमुळे मुलं आजारी पडू लागली, म्हणून अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. तेव्हा सरड्याची भांडी मोरीत वेगळी धुवा, स्वयंपाकाच्या सिंकमध्ये नको. वजनाचा काटा वेगळा ठेवा. हात लावला की साबणाने धुवा. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर हा शौक पुढे ढकला.

कायद्याचं

घोरपड, आपल्याकडची रानातली कासवं, एवढंच काय आपला हिरवा पोपटसुद्धा घरात ठेवणं हा गुन्हा आहे. घोरपड तर पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड. २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि परदेशी प्राणीही त्याच्या कक्षेत आले. 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांची, त्यात हिरवा इग्वानाही आहे, 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्याचे नियम २०२४ साली निघाले. दुकानदार 'काही लागत नाही' म्हणाला तरी पावती आणि कागद मागून घ्या.

कंटाळा आला म्हणून प्राणी उल्हास नदीकाठी किंवा बारवीच्या जंगलात सोडून देऊ नका. एक तर तो मरतो, नाही तर आपल्या प्राण्यांना रोग देतो. सांभाळणं अशक्य असेल तर डॉक्टरांना किंवा प्राणिमित्र संस्थेला विचारा. रानातला प्राणी जखमी सापडला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे.

शेवट गोड

जंतांचं औषध झालं, दिवा पुन्हा लागला, पेटी पडवीतून माजघरात आली. तीन आठवडे सुनेच्या चौकटींत 'नाही', 'नाही', 'थोडंसं' असंच चाललं होतं. संक्रांतीच्या दिवशी मी तिळगूळ घेऊन गेले, तर मुलगा धावत आला, "काकी, भोपळा खाल्ला त्याने! आपणहून!" सरडा दिव्याखाली डोळे मिटून बसला होता. मुलगा म्हणाला, "याला स्वप्नं पडत असतील का?" मी म्हटलं, "असतीलही. २०१६ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी अशाच सरड्याच्या मेंदूत आपल्यासारखीच झोपेची आवर्तनं पाहिली. स्वप्नांत काय दिसतं ते मात्र तोच जाणे."

सासूबाई आतून म्हणाल्या, "भोपळाच दिसत असेल." त्यांनीच तो चिरून दिला होता, असं मागाहून कळलं.

जांभळीखालचा खड्डा तसाच होता. सासऱ्यांनी त्यात कढीपत्त्याचं रोप लावलं आहे. आणि नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी आता दर रविवारी वजन लिहिलं जातं. अक्षर मुलाचं असतं. आईने त्याला बजावून सांगितलंय, "हौस तुझी, तर हिशेबही तुझा."

तुमच्या घरी असा कोणी पाहुणा असेल तर आज रात्रीच त्याच्या पेटीत हात घालून ऊब पाहा. आणि मनात काही चुकचुकलं, तर बोलून टाका.